नाही म्हणायला सोबत लागते

रजेचा अर्ज शिकवताना मराठीच्या तासाला शेवटी लिहायला सांगतो, ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’. उर्दूच्या तासाला तोच अर्ज, तोच ताप, तेच दोन दिवस आणि शेवटी ‘आपका फरमाबरदार शागिर्द’. दोन्ही भाषा मी शिकवते, त्यामुळे एक गोष्ट नेहमी डोळ्यात येते. भाषा बदलली तरी पोरानं सही करायची ती मान खाली घालूनच. उलट बाजूचे शब्द बघा. मराठीत आगाऊ, उद्धट, उलटून बोलणारा. उर्दूत नाफरमान, बेअदब, गुस्ताख. ऐकून घेऊन, विचार करून, शांतपणे ‘हे मी करणार नाही’ म्हणणाऱ्याला मराठीत बाणेदार म्हणतात हे खरं, पण तो शब्द आपण धड्यातल्या माणसासाठी राखून ठेवलाय. वर्गातल्या जित्याजागत्या मुलाला कोणी बाणेदार म्हणत नाही. त्याला आगाऊच म्हणतात.

बी.एड.ला मानसशास्त्राच्या पेपरात मिलग्रमचा प्रयोग होता. पाच गुणांची टीप. आम्ही ती पाठ केली आणि लिहिली. आज्ञापालनाचे धोके सांगणारा प्रयोग आम्ही नोट्समध्ये होता तसा, एकही शंका न विचारता उतरवला, याची गंमत तेव्हा कोणाच्याच लक्षात आली नाही. पुढं बऱ्याच वर्षांनी त्याच्याबद्दल नीट वाचलं तेव्हा समजलं, की टिपेत होतं ते अर्धंच होतं, आणि कामाचं अर्ध टिपेत नव्हतंच.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 1961 साली अमेरिकेत येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रम या तरुण प्राध्यापकानं पेपरात जाहिरात दिली, स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी माणसं पाहिजेत, तासाचे साडेचार डॉलर मिळतील. कारकून, कामगार, शिक्षक, सेल्समन असे साधे लोक आले. आलेल्याला ‘शिक्षक’ करायचं. दुसऱ्या खोलीत खुर्चीला बांधलेला ‘विद्यार्थी’ चुकला की यंत्राचं बटण दाबून त्याला विजेचा झटका द्यायचा. बटणं तीस, 15 व्होल्टपासून 450 पर्यंत. दर चुकीला पुढचं बटण. शेजारी कोटातला एक साहेब बसलेला. यंत्र खोटं होतं, खोलीतला माणूस नाटक करत होता, पण बटण दाबणाऱ्याला हे माहीत नव्हतं. तीनशेवर भिंतीवर धपाधप आवाज यायचा, मग काहीच यायचं नाही. बटण दाबणारा घामाघूम व्हायचा, साहेबाकडं बघायचा. साहेब म्हणायचा, ‘कृपया चालू ठेवा.’ चाळीसपैकी 26 जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. प्रयोगाआधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारलं होतं तेव्हा त्यांचा अंदाज होता, हजारात एखादा जाईल.

आमची टीप इथं संपायची. ‘यावरून असे दिसते की सामान्य व्यक्ती अधिकारापुढे विवेक गहाण ठेवते.’ पूर्णविराम, पाच गुण.

पण मिलग्रम तिथं थांबला नव्हता. त्यानं मांडणी बदलून बदलून तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला. एकदा साहेबाला खोलीबाहेर पाठवून फोनवरून हुकूम द्यायला लावले, तर शेवटपर्यंत जाणारे पाचातला एक इतकेच उरले. कित्येक जण फोनवर ‘देतोय, देतोय’ म्हणत आणि हळूच खालचंच बटण दाबत. एकदा बटण दाबायचं काम दुसऱ्या माणसाकडं दिलं आणि आलेल्याकडं फक्त प्रश्न वाचायचं बारीकसं काम ठेवलं. चाळीसपैकी 37 जण शेवटपर्यंत बसून राहिले, कारण झटका काही ते देत नव्हते. कुठल्याही सरकारी कार्यालयात काम केलेल्याला हा आकडा वाचून नवल वाटणार नाही. ‘आम्ही फक्त माहिती भरून पुढं पाठवतो’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते एखाद्या सेवापुस्तिकेत छापलेलं असावं असं वाटतं.

आणि एकदा मिलग्रमनं आलेल्या माणसाच्या शेजारी आणखी दोन ‘शिक्षक’ बसवले. तेही नाटकातलेच. ठरल्याप्रमाणं दीडशे व्होल्टला त्यातला एक उठला, म्हणाला, मी नाही करणार. थोड्या वेळानं, 210 ला, दुसरा उठला. आता खोलीत साहेब तोच, यंत्र तेच, हुकूम तोच. पण या वेळी चाळीसपैकी फक्त चार जण शेवटपर्यंत गेले. छत्तीस जणांनी नाही म्हटलं. हे छत्तीस काही वेगळ्या मातीचे नव्हते, त्याच शहरातून, तशाच जाहिरातीवरून आले होते.

या प्रयोगावर पुढं बरीच टीका झाली. काही जणांना झटका खोटा असल्याचा संशय आला होता, साहेब कधी कधी ठरलेल्यापेक्षा जास्त आग्रह करायचा, आणि माणसांना असा त्रास देणं मुळात योग्य होतं का, हाही प्रश्न आहेच. ती टीका मला रास्त वाटते. ॲलेक्झांडर हॅस्लम आणि स्टीफन रायशर या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक वेगळी गोष्टही पुढं आणली. साहेबाकडं चार ठरलेली वाक्यं होती आणि शेवटचं वाक्य उघड जबरदस्तीचं होतं, तुम्हाला दुसरा पर्याय नाही, चालू ठेवावंच लागेल. नेमकं या वाक्याला लोक बिथरत. पर्याय नाही म्हणजे काय, असं म्हणून उठत. ‘प्रयोगासाठी तुम्ही चालू ठेवणं गरजेचं आहे’ म्हटलं की मात्र बसून राहत. म्हणजे माणूस हुकमाला जितका मान देत नाही तितका ‘चांगल्या कामाला’ देतो. आपल्या हातून वाईट करून घ्यायचं असेल तर दरडावायची गरज नाही. हे विज्ञानासाठी आहे, देशासाठी आहे, दीनसाठी आहे, कौमच्या इज्जतीसाठी आहे, एवढं सांगितलं तरी पुरतं.

हे सगळं अमेरिकेतल्या बंद खोलीतलं झालं. आपल्याकडं हाच प्रयोग उघड्यावर, भर उन्हात झालेला आहे. कोकणात, महाडला.

महाडचं चवदार तळं 1927 ला खुलं झालं असं मुलं उत्तरपत्रिकेत लिहितात. कागदावर ते त्याआधीच खुलं होतं. 4 ऑगस्ट 1923 ला सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला, सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना मोकळ्या कराव्यात. तो मंजूर झाला. 1924 च्या जानेवारीत महाड नगरपालिकेनंही आपलं तळं मोकळं असल्याचा ठराव केला. मग पुढची तीन वर्षं काय झालं? काहीच नाही. कायद्यानं वाट मोकळी, पहारा नाही, कुलूप नाही, आणि तरी तळ्यावर कोणी गेलं नाही. ज्यांच्यासाठी ठराव झाला त्यांना माहीत होतं, की पहिल्या ओंजळीनंतर डोक्यात काठी पडेल आणि त्या वेळी नगरपालिकेचा कागद आडवा येणार नाही. एकट्या माणसानं एका ओंजळीसाठी घर, गाव, मजुरी पणाला लावायची कशाच्या जोरावर?

19 आणि 20 मार्च 1927 ला तिथं कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी गावोगाव फिरून तिची उभारणी केली होती. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस पाठीशी होते. अनंतराव चित्रे होते, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे होते. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर हजारो लोक शिस्तीनं चालत तळ्यावर गेले. बाबासाहेब पायऱ्या उतरले, पाणी प्यायले आणि पाठोपाठ सगळे प्यायले. तीन वर्षं कागदावर पडलेला ठराव त्या दुपारी खरा झाला. नंतर काय झालं ते माहीतच आहे. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. पुढं गोमूत्र आणि शेण घालून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला 1924 चा ठराव मागं घेतला.

आपल्या लोकांनी आसरा दिला याचा मला अभिमान आहे. पण त्याला जोडून आणखी एक गोष्ट येते आणि ती टाळून चालणार नाही. त्या तळ्यावर मुसलमान आधीपासून पाणी भरत होते. आपली घागर भरताना शेजारचा तहानलेला माणूस लांब उभा आहे, हे पिढ्यान् पिढ्या दिसत होतं. तेव्हा आपण बटण दाबत नव्हतो, नुसते प्रश्न वाचत होतो. 37 जणांतले होतो.

म्हणून मला फत्तेखान महत्त्वाचे वाटतात. डिसेंबर 1927 मध्ये सत्याग्रह परिषद भरवायची ठरली तेव्हा महाडात मांडवाला जागा मिळेना. गावातल्या वजनदार मंडळींचा रोष कोण ओढवून घेणार? फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. एवढीच त्यांची इतिहासातली नोंद. त्यांनी तळ्याचं पाणी सोडवलं नाही, भाषण केलं नाही, मनुस्मृतीच्या दहनात त्यांचं नाव नाही. त्यांनी फक्त मांडव टाकू दिला. मिलग्रमच्या खोलीत 210 व्होल्टला उठणारा जो दुसरा माणूस, तो हा. आमच्या पुस्तकांत पहिल्या माणसावर धडे आहेत, ते असायलाच पाहिजेत. दुसऱ्यावर एखादा परिच्छेदही सापडत नाही.

याच डिसेंबरमधली पुढची गोष्ट मला वर्गात समजावून सांगायला सगळ्यात अवघड जाते. हजारो लोक तळ्यावर जायला तयार होते. सत्याग्रही म्हणून नावं नोंदवून झाली होती. पण विरोधकांनी दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. बाबासाहेबांनी लोकांना समजावलं आणि थांबवलं. तळ्याभोवती मिरवणूक निघाली आणि पाण्याला न शिवता परत आली. मग कोर्टात भांडण चाललं ते थेट 17 मार्च 1937 ला मुंबई हायकोर्टाच्या निकालापर्यंत. एक पोरगी मला म्हणाली, ‘मॅडम, मग ते घाबरले का?’ घाबरले असते तर दोन दिवस आधी तिथंच मनुस्मृती जाळली नसती. कोणाचं ऐकायचं, कोणाचं नाही, आणि आज नाही तर कधी, हे त्यांनी स्वतः ठरवलं. कायद्याचं राज्य आपल्याच बाजूला आणायचं असेल तर कोर्ट डावलून चालणार नाही असा त्यांचा हिशेब होता. नाही म्हणणं म्हणजे प्रत्येक वेळी नाही म्हणणं नव्हे, इतकं तरी पोरांना समजावं म्हणून मी हा भाग परीक्षेला येत नसला तरी शिकवते.

आता आमच्या कोल्हापूरचा चहा. राजवाड्याच्या पागेत कामाला असलेले गंगाराम कांबळे मराठा नोकरांच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराज परगावाहून परतल्यावर गंगारामांनी गाऱ्हाणं घातलं. महाराजांनी मारणाऱ्याला शिक्षा केली आणि गंगारामांना नोकरीतून मोकळं करून धंदा काढायला मदत केली. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल टाकलं. नाव ‘सत्यसुधारक’. पण महाराच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक कुठलं? मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा मागवू लागले, आणि बरोबरच्या मानकऱ्यांना, कामगारांनाही पाजू लागले, असं सांगतात.

ही गोष्ट आम्ही मोठ्या कौतुकानं सांगतो. मलाही ती आवडते, पण तिच्यात एक गाठ आहे. ते मानकरी चहा का प्यायले? पटलं म्हणून? छे. महाराज समोर होते म्हणून. म्हणजे जातीचा हुकूम मोडला तो राजाच्या हुकमानं. एका आज्ञेवर दुसरी आज्ञा. घरी जाऊन त्यांतल्या किती जणांनी अंघोळ केली असेल कोण जाणे! तरी मी त्या चहाला कमी लेखणार नाही. रस्त्यानं जाणाऱ्या साध्या माणसाला मानकऱ्याच्या मनातलं दिसत नव्हतं, हातातला कप दिसत होता. त्याला नाही म्हणायला सोबत मिळाली. 1917 साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला, तेही असंच. शेजारणीची पोरगी शाळेत निघालेली दिसली की आपली पाठवायला दंडाची गरज उरत नाही. 1906 साली इथं मुस्लिम बोर्डिंग निघालं त्यालाही महाराजांचाच आधार होता. त्यातून किती घरांत पहिला शिकलेला माणूस तयार झाला हे कोल्हापूरच्या वाचकांना मी सांगायला नको.

शाहूंचं गाव म्हणून आपण मिरवतो, म्हणून हेही लिहायला पाहिजे. 7 जून 2023 ला याच शहरात काही पोरांच्या मोबाईलवरच्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, दुकानं फुटली. 14 जुलै 2024 ला विशाळगडाखालच्या गजापुरात जमावानं घरं फोडली, मशिदीत घुसून तोडफोड केली. गर्दीत कोणी कोटातला साहेब नसतो. तिथं प्रत्येक जण शेजाऱ्याच्या हाताकडं बघत असतो. त्या जमावात एकालाही आतून नको वाटलं नसेल, हे मला खरं वाटत नाही. त्याला दुसरा सापडला नाही, असं वाटतं. आणि आपल्या बाजूचंही बघूया. ते स्टेटस पोरांच्या किती मित्रांनी पाहिलं असेल? त्यांतल्या एकानं तरी ‘काढ रे ते, कशाला पाहिजे?’ म्हटलं असतं तर दुसऱ्यानं दुजोरा दिला असता. दगड मारणाऱ्याचा गुन्हा त्यामुळं तसूभरही कमी होत नाही. पण आपल्या पोरांना आपण ग्रुपमध्ये एकटं पडायला शिकवलेलं नाही, हेही तितकंच खरं.

मी एक खेळ करते, दरवर्षी नव्या आठवीबरोबर. फळ्यावर मुद्दाम लिहिते, राजर्षी शाहू महाराजांचा जन्म 26 जून 1784. पोरांना 1874 पाठ असतं. कोल्हापूरचीच ती. तरी सगळी माना खाली घालून 1784 उतरवतात. मी वाट बघते. एखाद्या वर्षी तास संपतो तरी कोणी बोलत नाही. एखाद्या वर्षी मागच्या बाकावरून दबका आवाज येतो, ‘मॅडम, उलटं झालंय काय?’ आणि मग बघायचं! पुढच्या अर्ध्या मिनिटात दहा हात वर. ‘मला पण वाटलं होतं मॅडम’, ‘मी पण बघितलं होतं’. खोटं बोलत नसतात ती, खरंच बघितलेलं असतं. त्या पहिल्या आवाजाला मी शाबासकी देते, पण हल्ली दुसऱ्यालाही उभं करते आणि टाळ्या वाजवायला लावते. पोरांना याचं फार हसू येतं.

कोणी म्हणेल, हे सगळं शाळेत आणि राजकारणात ठीक आहे, पण दीनमध्ये इताअत आहे, तिथं कशाला हे? मिंबरवरून सूरे निसाची ती आयत आपण सगळ्यांनी ऐकली आहे, अल्लाहची, रसूलची आणि तुमच्यातल्या हुकूमवाल्यांची आज्ञा पाळा. आयत तिथं संपत नाही. पुढंच म्हटलंय, की तुमच्यात वाद झाला तर तो अल्लाह आणि रसूलकडं न्या. म्हणजे हुकूमवाल्याशी वाद होऊ शकतो, हे आयतीनंच गृहीत धरलंय. ते पुढचं अर्ध माझ्या कानावर मिंबरवरून फार कमी वेळा पडलंय. मिलग्रमच्या टिपेसारखंच झालं हे.

बुखारी शरीफमध्ये एक वाकया आहे. पैगंबरांनी (स.) एक तुकडी पाठवली आणि एका अन्सारी सहाबींना तिचा सरदार केलं, त्यांचं ऐका म्हणून सांगितलं. वाटेत सरदार कशावरून तरी रागावले. म्हणाले, लाकडं गोळा करा. केली. पेटवा. पेटवली. आता आत शिरा. लोक शिरायला निघाले आणि थांबले. एकमेकांकडं बघू लागले. त्यांच्यातलं कोणी म्हणालं, आगीपासून वाचायला तर आपण पैगंबरांकडं आलो, आणि आता आगीतच शिरायचं? तोवर आग विझली, सरदारांचा रागही उतरला. पैगंबरांना हे कळलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की ते आत गेले असते तर त्यातून कधीच बाहेर आले नसते. आज्ञा पाळायची ती फक्त भल्या गोष्टीत.

मी या वाकयात नेहमी एकाच जागी अडकते. लाकडं त्यांनी गोळा केली, पेटवलीही, बिनबोभाट. 15 व्होल्ट, 30 व्होल्ट, 45 व्होल्ट. आणि वाचले ते कशानं? एकमेकांकडं बघितलं म्हणून. हजरत अबू बक्र (रजि.) खलिफा झाल्यावर पहिल्या खुतब्यात लोकांना सांगतात, मी अल्लाह-रसूलच्या आज्ञेत असेन तोवरच माझी आज्ञा माना. इमाम अबू हनिफा, ज्यांचे आपण बहुतेक जण मुकल्लिद म्हणवतो, त्यांनी खलिफा मन्सूरनं देऊ केलेली काझीची जागा नाकारली आणि त्यासाठी कैद सोसली. हनफी म्हणवून घ्यायचं आणि जमातीच्या ट्रस्टीपुढं ब्र काढायचा नाही, हे काही नीट जुळत नाही.

जमातीचं निघालंच आहे तर सांगते. समाजातून वाळीत टाकणं हा आपल्या राज्यात 2016 च्या कायद्यानं गुन्हा आहे. महाराष्ट्राला असा कायदा करावा लागला तो सगळ्याच जातीजमातींच्या पंचांमुळं, त्यात आपण एकटे नाही, पण सुटलेलेही नाही. 18 एप्रिल 1966 ला हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम बायका तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत विधानभवनावर गेल्या. दलवाईंची सगळी मतं मला पटत नाहीत, त्यांच्या भाषेतली धार तर कधी कधी अनाठायी वाटते. पण त्या सात जणींचं काय? समोर खलिफा नव्हता, सरदार नव्हता. घर होतं, मोहल्ला होता. सुप्रीम कोर्टानं एका दमातला तिहेरी तलाक रद्द केला तो 22 ऑगस्ट 2017 ला, म्हणजे मोर्चाला एक्कावन्न वर्षं झाल्यावर. सातच्या जागी सातशे निघाल्या असत्या तर इतकी वर्षं लागली असती का, हा प्रश्न मी दलवाईंना नाही, आपल्या आजीला आणि अम्मीला विचारायचा.

आणि आपल्यालाही. कारण एक हुकूम असा आहे, जो आपण रोज मोडतो आणि मोडताना स्वतःला फरमाबरदार समजतो. बहिणींचा वाटा. सूरे निसात मुलीचा हिस्सा ठरवून दिलाय, थोडं असो की जास्त, ठरलेला. त्या आयती संपतात तिथं लगेच सांगितलंय, की या अल्लाहच्या हद्दी आहेत, जो पाळेल त्याला जन्नत आणि जो नाफरमानी करेल त्याला आग. वर्गात आगाऊ पोराला लावतो तो शब्द इथं कोणासाठी आलाय ते बघा. आणि आपल्या घराघरात काय चालतं? अब्बांच्या चाळिसाव्यानंतर बहिणींना गाडीत घालून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेतात आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. दरडावून नाही हो. प्रेमानं. ‘लग्नात केलंच की सगळं’, ‘माहेर राहू दे तुला’, ‘लोक काय म्हणतील, भावाला कोर्टात ओढलं?’ चांगल्या कामासाठीच, घर एकत्र राहावं म्हणून.

ओळखीच्या एका घरातली गोष्ट आहे, नाव सांगत नाही. पेठेतलं जुनं घर, रस्त्याला दोन गाळे, दोन भाऊ, चार बहिणी. मौलानांना विचारलं तर ते म्हणाले, ‘आपस में समझौता कर लो.’ कागद तयार, साक्षीदार तयार. कार्यालयात फोटो आणि अंगठा घेताना तिथल्या बाईंनी नेहमीच्या सवयीनं, मान वर न करता विचारलं, ‘स्वखुशीनं देताय ना?’ मोठ्या आपा आणि सगळ्यात धाकटी यांचं झालं होतं. दोन नंबरची कॅमेऱ्यासमोर बसली होती. ती म्हणाली, ‘खुशीनं नाही.’ बाईंनी तेव्हा मान वर केली. मोठे भाईजान म्हणाले, ‘अगं, असं विचारायची पद्धत असते ती.’ ती गप्प बसली. उठली मात्र नाही आणि अंगठाही पुढं केला नाही. मागं रांग वाढत होती. भिंतीला टेकून उभी असलेली तीन नंबरची, जी घरात कधी मोठ्यानं बोलत नाही, ती म्हणाली, ‘मग माझं पण राहू दे.’

भाऊ दोन ईद बोलले नाहीत. तिसऱ्या ईदला शीरखुर्म्याचा डबा आला. एका गाळ्याचं भाडं आता त्या दोघींच्या खात्यात जातं, बाकीची वाटणी अजून रेंगाळली आहे. मोठ्या आपा म्हणतात, मी दिलं ते दिलं, अल्लाह बघून घेईल. धाकटी परवा बाजारात भेटली. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात करत विचारत होती, केलेली सही परत घेता येते का? वकिलांना विचारून सांगते म्हटलं. म्हणाली, विचारा, पण माझं नाव नका सांगू, आणि आपाला सोबत आणू का?